बुद्धी : मातृज, पितृज की आत्मज?

प्रास्ताविक

बालरुग्ण घेऊन येणाऱ्या पालकांचे काही प्रश्न प्रत्येक वैद्याच्या परिचयाचे असतात. भूक लागत नाही, वजन वाढत नाही, वारंवार सर्दी होते, हे त्यांतील नेहमीचे. जून महिना उजाडला आणि शाळा सुरू झाल्या की त्यांत आणखी एकाची भर पडते. "याचं डोकं चालत नाही, काहीतरी द्या." या वाक्याच्या पाठोपाठ बहुधा घरातील वडीलधारी व्यक्ती निदानही सांगून टाकते. मूल आईवर गेले आहे, किंवा बापाच्या वळणावर गेले आहे, असे ते निदान असते. मुलाची बुद्धी आई-बापांकडून जशीच्या तशी उतरते, हे समाजाने गृहीत धरलेले आहे. आपण वैद्यही नकळत ते मान्य करतो आणि त्यानुसार चिकित्सा करतो. त्यातून काय घडू शकते, हे प्रथम स्वतःच्याच अनुभवावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी कुंडल परिसरातील एका वस्तीवरून आठ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला गेला. दुसरीत असूनही त्यास अक्षरओळख नव्हती. हाक मारली तर उत्तर देत नसे. वर्गात शेवटच्या रांगेत बसून असे. आजीने सांगितले, "ह्याचा बापबी चौथीत तीनदा बसला. बीजच तसलं, पोरगं तरी निराळं कुठनं हुणार?" वडील खाली मान घालून उभे होते. मी बीजदोषाची नोंद केली. सारस्वतारिष्ट, ब्राह्मी घृत व दीपन-पाचन असा क्रम ठेवला. सहा महिने औषध दिले. भूक सुधारली, वजन वाढले, अभ्यासात मात्र काडीचा फरक पडला नाही. आमचे निदान त्यामुळे अधिकच पक्के झाले.

सातव्या महिन्यात शाळेत आरोग्य तपासणी झाली. मुलाच्या दोन्ही कानांचे पडदे सच्छिद्र असल्याचे व श्रवणशक्ती बरीच कमी असल्याचे तीत आढळले. कर्णस्राव लहानपणापासून अधूनमधून होत असे. "कान फुटणं" हे घरातील कोणाला सांगण्यासारखे वाटले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. ज्या मुलास ऐकूच येत नाही, त्यास मी सहा महिने स्मृतिवर्धक औषध देत होतो. हा दोष कोणत्याही बीजाचा नव्हता, माझ्या परीक्षणाचा होता.

या चुकीने मला ग्रंथ पुन्हा उघडावयास लावले. त्या अभ्यासातून जे हाती आले, ते व्यवसायबंधूंसमोर व औषधी विक्रेत्यांसमोर ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

शास्त्रविचार

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील तिसऱ्या अध्यायात गर्भोत्पत्तीस कारण होणारे भाव सांगितले आहेत. ते म्हणजे मातृज, पितृज, आत्मज, सात्म्यज, रसज, आणि यांना जोडणारे सत्त्व. त्वचा, रक्त, मांस, मेद, हृदय, यकृत, प्लीहा इत्यादी मृदू अवयव मातृज होत. केश, नख, दंत, अस्थी, सिरा, स्नायू, शुक्र इत्यादी पितृज होत. ही यादी आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेली असते. मात्र बुद्धी या यादीत कोठे आहे, याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. चरकाचार्यांनी बुद्धी, धृती आणि स्मृती यांची गणना मातृज भावांतही केलेली नाही व पितृज भावांतही केलेली नाही. ती आत्मज भावांत केली आहे.

सुश्रुताचार्यांची मांडणी याहून थोडी वेगळी आहे. शारीरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञान व विज्ञान हे आत्मज सांगून मेधा ही वीर्य, आरोग्य, बल व वर्ण यांच्यासमवेत सात्म्यज भावांत घातली आहे. म्हणजे धारणाशक्तीचा संबंध आहार-विहाराच्या सात्म्याशी जोडला आहे. दोन संहितांत गणनेचा भेद असला, तरी एका गोष्टीवर एकमत दिसते. बुद्धी वा मेधा ही मातेच्या अथवा पित्याच्या बीजाची सरळ मालमत्ता नव्हे.

हा विषय चरकांनी केवळ यादीवर सोडलेला नाही, त्यावर वादही घातला आहे. त्याच अध्यायात भरद्वाज शंका काढतात, की मनुष्यापासून मनुष्य होतो, तर मग जड, अंध, मूक, कुब्ज अशांची संतती त्यांच्यासारखीच का होत नाही? आत्रेयांचे उत्तर आजही विचार करण्याजोगे आहे. बीजातील ज्या अवयवाचा बीजभाग उपतप्त झालेला असेल, त्याच अवयवात विकृती येते. तो भाग उपतप्त नसेल, तर येत नाही. इंद्रिये तर आत्मज होत. म्हणून जडाची संतती जडच होईल असा एकांतिक नियम नाही. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायातही आई-बापांची बुद्धी व मन अपत्यात संचरते काय, याची चर्चा असून ते मत नाकारले आहे. एकाच आई-बापांच्या अपत्यांत वर्ण, स्वर, आकृती, सत्त्व, बुद्धी व भाग्य यांचा भेद प्रत्यक्ष दिसतो, हे तेथे प्रमाण म्हणून दिले आहे.

मग आई-बापांचा काहीच वाटा नाही काय? तसेही नाही. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात अपत्याच्या सत्त्वात विशेष निर्माण करणाऱ्या गोष्टी सांगताना मातापित्यांचे सत्त्व, गर्भिणीच्या कानावर वारंवार पडणाऱ्या गोष्टी, अपत्याचे स्वतःचे कर्म आणि सत्त्वाचा पूर्वाभ्यास, अशी चौकडी दिली आहे. त्याच अध्यायात नित्य मद्यपान करणाऱ्या गर्भिणीचे अपत्य अल्पस्मृती व अस्थिरचित्त होते, असे म्हटले आहे. गर्भावस्थेतील मद्यसेवनाने बालकाच्या मेंदूस होणाऱ्या हानीचे लक्षणसमुच्चयरूप वर्णन पाश्चात्त्य वैद्यकात १९७३ साली अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केले, हे येथे लक्षात घ्यावे.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. "आत्मज" ही संकल्पना पुनर्जन्माच्या सिद्धांतावर उभी आहे. तीत आजचे जनुकशास्त्र ओढून-ताणून बसविणे हे शास्त्रासही न्याय देणारे नाही व विज्ञानासही नाही. आपण घ्यावयाचे ते इतकेच, की आपल्या आचार्यांनी "बाप तसा बेटा" ही म्हण निदान म्हणून स्वीकारली नाही. त्यांनी प्रत्यक्ष पाहून तीस अपवाद दाखविले.

बीज आणि क्षेत्र

सुश्रुतांनी गर्भासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज यांचे सान्निध्य अंकुराच्या दृष्टांताने सांगितले आहे. तो दृष्टांत आपल्या उसाच्या पट्ट्यात सहज पटेल. ऊस कांडीपासून लावला जातो, त्यामुळे एका जातीच्या सर्व उसांचे बीज जवळपास एकच असते. को ८६०३२ जातीचे बेणे कृष्णाकाठच्या काळ्या रानात लावले आणि तेच बेणे डोंगराकडच्या मुरमाड माळावर लावले, तर उतारा वेगळा येतो. हा सर्व फरक जमीन-पाण्याचा असतो. उलट एकाच रानात, एकाच पाण्यावर दोन निराळ्या जाती लावल्या, तर दिसणारा फरक बेण्याचा असतो. "उतारा बेण्यावर अवलंबून की रानावर?" असे कोणी विचारले, तर शेतकरी उलट विचारील, "कोणत्या रानातलं म्हणता?"

बुद्धीच्या आनुवंशिकतेविषयी वृत्तपत्रांतून येणारे टक्क्यांचे आकडे याच दृष्टीने वाचावे लागतात. तो आकडा एका समूहातील फरकांविषयी असतो, एका मुलाविषयी नसतो. "बुद्धी ५० टक्के आनुवंशिक" याचा अर्थ आपल्यासमोरील बालकाची अर्धी बुद्धी आई-बापांकडून आली व अर्धी शाळेतून आली, असा कदापि होत नाही.

आधुनिक संशोधन काय सांगते?

इंग्लंडातील फ्रान्सिस गाल्टन यांनी १८६९ साली थोर पुरुषांच्या घराण्यांचा अभ्यास करून प्रतिभा वंशपरंपरेने येते, असे प्रतिपादन केले. त्यातील उणीव उघड आहे. थोर घराण्यातील मुलास रक्ताबरोबर ग्रंथ, शिक्षक, ओळखी आणि पोटभर अन्नही मिळते. रक्त आणि घर यांची फारकत करण्यासाठी पुढे जुळ्यांचा व दत्तक मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतून आनुवंशिक घटकाचा वाटा खरोखर आहे, हे दिसून आले. बालपणी हा वाटा कमी आढळतो. वाढत्या वयाबरोबर तो वाढून प्रौढपणी निम्म्याच्या वर जातो. हे अभ्यास मुख्यतः सुस्थित समाजांतील आहेत.

२००३ साली अमेरिकेतील सात वर्षे वयाच्या जुळ्यांच्या अभ्यासात एक महत्त्वाची बाब पुढे आली. संपन्न घरांत बुद्ध्यंकांतील फरकाचा मोठा भाग जनुकांशी निगडित दिसला, तर दरिद्री घरांत तो जवळजवळ शून्यावर आला व घरच्या परिस्थितीचा वाटा प्रबळ ठरला. युरोपातील नंतरच्या काही अभ्यासांत हा भेद इतका ठळक दिसला नाही. तथापि पाणी न मिळालेल्या रानात बेण्याचा गुण दिसत नाही, हे तत्त्व समजण्यास कठीण नाही.

२०१८ साली सुमारे ११ लक्ष व्यक्तींच्या जनुकीय अभ्यासातून शिक्षणाच्या वर्षांशी संबंधित अशी १२७१ स्थाने आढळली. प्रत्येकाचा परिणाम अतिसूक्ष्म असून सर्वांची बेरीज करूनही शिक्षणातील फरकाचा ११ ते १३ टक्के भागच सांगता आला. "बुद्धीचे जनुक" असे एखादे नाही. त्याच वर्षी आइसलँडमधील संशोधनात असे दिसले, की आई-बापांची जी जनुके मुलास मिळालीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध असतो. म्हणजे ती जनुके आई-बापांच्या वागण्यातून व घराच्या वातावरणातून परिणाम करतात. मातापित्यांचे सत्त्व आणि गर्भिणीचे श्रवण एकाच ओळीत ठेवणाऱ्या चरकांची येथे आठवण होते.

आणखी दोन गोष्टी पालकांस सांगण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे, अतिशय हुशार आई-बापांची मुले सरासरीने त्यांच्याहून थोडी कमी, आणि मंद समजल्या गेलेल्यांची मुले सरासरीने थोडी अधिक निघतात. मध्याकडे झुकण्याची ही प्रवृत्ती गाल्टन यांनीच १८८६ साली उंचीच्या मोजमापांतून दाखविली होती. दुसरी म्हणजे, विसाव्या शतकात अनेक देशांतील बुद्धिमापन चाचण्यांचे सरासरी गुण दर दशकात सुमारे ३ ने वाढले. दोन-तीन पिढ्यांत बीज बदलत नसते. बदलले ते अन्न, आरोग्य आणि शाळा.

कुंडल परिसराचा दाखला

याचे प्रमाण शोधण्यास दूर जावे लागत नाही. कुंडल हा पूर्वी औंध संस्थानाचा एक तालुका होता. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या येथील माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभारला. पुढे किर्लोस्करवाडी म्हणून प्रसिद्ध झालेल्या स्थानकाचे नाव तेव्हा कुंडल रोड असे होते. निवडुंगाच्या त्या माळावर लोखंडी नांगर तयार झाले. आसपासच्या खेड्यांतील, ज्यांच्या घरात कोणी यंत्र पाहिले नव्हते अशांची मुले तेथे कुशल कारागीर झाली.

याच नांगरांची विक्री करीत गावोगाव फिरलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहून, श्रम करून शिकू लागली. कर्मवीरांचे स्वतःचे शालेय शिक्षण पूर्ण झालेले नव्हते. त्यांच्याकडे आलेल्या असंख्य मुलांचे आई-बाप, आजे-पणजे निरक्षर होते. विद्या या घरांच्या रक्तातच नाही, असे मानणारे लोक तेव्हा थोडे नव्हते. या वसतिगृहांतून शिक्षक, अधिकारी, वकील, प्राध्यापक बाहेर पडले. बीज तेच होते, त्यास क्षेत्र आणि अंबू मिळाले. आज वैद्यक व्यवसायात असलेल्या आपल्यापैकी कितीजणांचे आजोबा अंगठा उठवीत होते, हे प्रत्येकाने स्वतःशी आठवून पाहावे.

माडगूळकर बंधूंचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. ग. दि. माडगूळकरांचे शिक्षण आटपाडी, कुंडल व औंध येथे झाले. वडील संस्थानात कारकून होते. मॅट्रिकची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नाही. गणिताच्या गुणपत्रिकेवरून त्यांची बुद्धी मोजली असती, तर पुढे १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण ऐकवणारा हा कवी कोणत्या रकान्यात गेला असता? धाकटे बंधू व्यंकटेश यांचेही शालेय शिक्षण अर्धवट राहिले, आणि "बनगरवाडी"चे लेखक म्हणून ते मराठीत अजरामर झाले. घराण्याचा गुण म्हणून कोणी हे उदाहरण देईल. परंतु दोघांना बीज एक मिळाले तसे घरही एकच मिळाले, त्यामुळे यावरून बीजाचा पक्ष सिद्ध होत नाही व घराचाही होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की एकाच घरात एकाची वाणी पद्यात फुलली व दुसऱ्याची गद्यात, आणि शाळेस दोन्ही ओळखता आल्या नाहीत.

चिकित्सालयात काय पाहावे?

"डोकं चालत नाही" ही पालकांची तक्रार आहे, व्याधीचे नाव नव्हे. मेध्य औषध लिहिण्यापूर्वी पुढील बाबी तपासल्याच पाहिजेत.

१. श्रवण व दृष्टी. कर्णस्रावाचा इतिहास आवर्जून विचारावा. मुलाच्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात नाव घ्यावे. शंका येताच श्रवणमापन व नेत्रतपासणी करून घ्यावी.

२. थायरॉइड. शुष्क त्वचा, मलावष्टंभ, खुंटलेली उंची, आळस अशी लक्षणे असल्यास रक्ततपासणीस विलंब करू नये. जन्मजात थायरॉइड न्यूनता सुमारे हजारात एका बालकास असते. जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाल्यास बुद्धीची हानी बहुतांशी टळते. ती टाळण्याची वेळ निघून गेल्यावर कोणतेही रसायन उपयोगी पडत नाही.

३. पांडू व कृमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६७.१ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. रक्तक्षयी मुलाचे अवधान टिकत नाही.

४. मातेचे पोषण. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या अभ्यासात गर्भावस्थेत बी-१२ जीवनसत्त्व कमी असलेल्या मातांची मुले नवव्या वर्षी अवधान व अल्पकालीन स्मृतीच्या काही चाचण्यांत मागे पडलेली दिसली. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. गर्भिणी परिचर्येचे दुग्धप्रधान मासानुमासिक पथ्य केवळ पाठांतरासाठी नाही.

५. निद्रा व अपस्मार. टॉन्सिल वाढल्याने घोरणारे मूल दिवसा पेंगते. वर्गात क्षणभर शून्यात पाहणारे मूल अपस्माराच्या सौम्य प्रकाराचे असू शकते.

६. अध्ययन अक्षमता. बोलण्यात चतुर, पण वाचन-लेखनात अडणारे मूल मंदबुद्धी नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे व शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांस सवलती मिळतात.

७. कुलवृत्त. आनुवंशिक बुद्धिमांद्याचे व्याधी अस्तित्वात आहेत, ते नाकारू नये. आपल्या भागात मामाच्या मुलीशी विवाह सर्रास होतात. जवळच्या नात्यातील विवाहांत सुप्त बीजदोष एकत्र येण्याचा संभव वाढतो. अतुल्यगोत्रीय विवाहाचा चरकांचा आग्रह या संदर्भात समजावून सांगावा. अशा कुटुंबास जनुकीय सल्ला देववावा, आणि दोष एकट्या आईच्या माथी मारला जाणार नाही याची काळजी घ्यावी.

औषधी निर्माते व विक्रेत्यांसाठी

मंडूकपर्णी, यष्टीमधू, गुडूची व शंखपुष्पी ही चरकोक्त मेध्य रसायने आहेत. ती त्याज्य आहेत असे या लेखाचे म्हणणे नाही. सम्यक् निदानानंतर, अग्नी पाहून ती अवश्य द्यावीत. परंतु त्यांच्या विक्रीतील काही गोष्टी आपणच सुधारावयास हव्यात. बाजारात ब्राह्मी या नावाने दोन निराळ्या वनस्पती मिळतात. एक जलब्राह्मी, व दुसरी मंडूकपर्णी. शंखपुष्पीच्या नावाखाली विष्णुक्रांता व गोकर्णीही विकली जाते. खरेदीच्या पावतीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव मागावे. जलब्राह्मीवर आधुनिक पद्धतीने झालेले प्रयोग बहुतांशी प्रौढांवर आहेत. स्मृतीवर दिसलेला लाभ मर्यादित आहे व तो दिसण्यास सुमारे १२ आठवडे लागले आहेत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाटली विकत घेणाऱ्या पालकास हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

काश्यपसंहितेतील सुवर्णप्राशन आज पुष्य नक्षत्रावर गावोगाव दिले जाते. ग्रंथोक्त फलश्रुती ही फलकावर छापण्याची हमी नव्हे. येथे शुद्धतेचा प्रश्नही गंभीर आहे. शिसे हा बालमेंदूचा सिद्ध शत्रू आहे व बालकांसाठी त्याची निर्धोक अशी कोणतीही पातळी मानली जात नाही. वनौषधींत शिशाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग अशी आहे. बुद्धी वाढावी म्हणून दिलेल्या द्रव्यातूनच बुद्धीचा ऱ्हास करणारे द्रव्य पोटात जाणे, याहून मोठा प्रज्ञापराध कोणता? प्रत्येक गटाचा तपासणी अहवाल मागितल्याशिवाय बालकांचे औषध दुकानात ठेवू नये.

उपसंहार

आई-बापांकडून मुलास बुद्धी मिळते काय, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर नाही. बीजाचा वाटा आहे, परंतु तो कल आहे, ललाटलेख नव्हे. तो वाटा किती दिसून येईल, हे क्षेत्र आणि अंबू ठरवितात. बीज बदलणे वैद्याच्या हाती नाही. क्षेत्र आणि अंबू मात्र पुष्कळ अंशी आहेत. म्हणून आपले लक्ष तेथेच असावयास हवे.

ज्या मुलापासून लेखास आरंभ केला, त्याच्या कानांवर तज्ज्ञांकडून शस्त्रक्रिया झाली. शिक्षकांनी त्यास पहिल्या रांगेत बसविले. तो वर्गात पहिला आला नाही, पण वर्षभरात वाचू लागला. शस्त्रक्रियेनंतर मुलास घेऊन आलेले वडील जाता जाता उंबऱ्यात थांबले व म्हणाले, "डाक्टर, माझाबी कान ल्हानपणापास्नं फुटतोय. मलाबी साळंत कायबी ऐकू येत नव्हतं." मी त्यांचे कान तपासले. दोन्ही पडदे गेलेले होते.

त्या घरात बापाकडून मुलाकडे काय आले होते, हे मला तेव्हा समजले. दुखऱ्या कानात कढत तेल ओतण्याची घरातील रीत आली होती. न विचारणारा वैद्य आला होता. आणि "बीजच तसलं" हे वाक्य आले होते. यांपैकी एकही गोष्ट आनुवंशिक नव्हती.

॥ इत्यलम् ॥